दिवेवालीची सावली

शुक्रवारी दिवेवालीला बुरुजावरून ढकलायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईने तर कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारूनही घेतलं होतं, "सकाळी ढकलणार की संध्याकाळी? जेवायचं टेबल कधी मोकळं होईल तेवढं सांगा, म्हणजे झालं."

ढकलणारी होती ताई. बुरूज तिचा, दिवेवाली तिची, खालची दरीही तिनेच काढलेली. गेली काही वर्षं ती एक वेबकॉमिक काढत होती. दर शुक्रवारी नवा भाग नेटवर जायचा आणि लोक फोनवर अंगठा सरकवत तो वाचायचे. गोष्ट एका डोंगरमाथ्यावरच्या नगरीची. तिथे दिवा विझला की अंधारातून काजळे शिरतात, धुरासारखे, भुकेले. अंधारात जो सापडेल त्याच्या आठवणी ते खाऊन टाकतात. त्यामुळे त्या नगरीत राणीच्या खालोखाल बडदास्त दिव्यांची. वाती कातरणारी, तेल ओतणारी, जिने चढउतार करून गुडघे झिजवणारी बाई म्हणजे दिवेवाली. बोलणं मोजकं, चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. आणि मधल्या काही भागांत वाचकांना कळून चुकलं होतं की अधूनमधून दिवे विझवणारीही हीच. का विझवते, ते मात्र कुणालाच उमगलं नव्हतं. ताईच्या डोक्यात उत्तर पहिल्यापासून पक्कं होतं: बाई फितूर आहे. शुक्रवारी ते उघडं पडणार आणि किल्लेदार तिला लोटून देणार.

अडचण एवढीच होती की ताईचा हात चालत नव्हता. ते एक पान ती आठवडाभर काढत होती आणि पुसत होती. पडताना दिवेवाली कधी बाहुलीसारखी दिसायची, कधी वाऱ्याने उडालेल्या चादरीसारखी.

"हे पान एकदाचं जाऊ दे," रविवारी ताई म्हणाली, "मग कॉमिक बंद. माझ्यात दम नाही उरला आता."

ते ऐकून धाकटीने हातातलं काम थांबवलं. धाकटी म्हणजे ताईची पाठची बहीण. पदार्थविज्ञानात पदवी घेऊन ती चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला लागली होती. कॉमिकमध्ये तिचा वाटा सावल्यांचा. ताई रेषा आणि रंग करायची, मग फाइल धाकटीकडे. दिवा कुठे आहे, किती उंच आहे, भिंत किती लांब आहे, हे बघून धाकटी एकेक सावली पाडायची. "माझ्या हिच्या सावल्यांवरून घड्याळ लावून घ्यावं," ताई लोकांना सांगायची आणि त्या तपासायच्या भानगडीत कधी पडायची नाही. कारखान्यातून आल्यावर टेबलाच्या दोन टोकांना बसून, मधे आईचा कपड्यांचा ढीग, अशी दोघींची जी संध्याकाळ जायची, तिच्यासाठी धाकटी दिवसभराच्या काचा सोसायची. कॉमिक बंद झालं तर त्या टेबलावर नुसतं जेवण उरणार होतं.

मंगळवारी चहाच्या सुट्टीत शेजारच्या बाकावरच्या तपासनीस बाईंनी फोन तिच्या नाकासमोर धरला. या बाईंना सगळे 'चाळीशी' म्हणायचे, कारण चष्म्याच्या कारखान्यात नोकरी करून त्यांना चष्मा लागला होता आणि तो त्या सतत विसरायच्या. सावल्या पाडणारी आपल्याच बाकाला खेटून बसते, याचा त्यांना पत्ता नव्हता.

"वाच, वाच. सगळीकडे हेच चाललंय. कुणी 'अर्धाकप' म्हणून वाचक आहे, बाई की बुवा देव जाणे. मला नाही पटलं हां. मी तुला आधीपासून सांगतेय, दिवेवाली किल्लेदारावर जीव टाकते. तो जिन्यात आला की हिने दिवा विझवलाच. लाजते ती."

"लाजते म्हणून अख्खी नगरी काजळ्यांच्या तोंडी देईल?"

"तू प्रेमात पडलीयस का कधी?"

"नाही."

"मग गप बस आणि वाच."

अर्धाकपने लिहिलं होतं:

'दिवेवालीला फितूर म्हणणाऱ्यांनी मागच्या भागातली जिन्याच्या चित्राची चौकट पुन्हा बघावी. दिवा चौकटीत डावीकडे आहे. पायरीवर पडलेली बुटकी सावलीही डावीकडेच आहे. दिव्याच्या दिशेने सावली पडत नाही. म्हणजे ही सावली या दिव्याची नाही. उजवीकडे चौकटीबाहेर दुसरा दिवा असला पाहिजे, आणि सावली एवढी बुटकी आहे त्याअर्थी ती दिवेवालीची नाही, तिच्याबरोबरच्या कुणा लहानाची आहे, जे आपल्याला दिसत नाही. या नगरीत अदृश्य माणसाचीही सावली पडते. मागे तो अदृश्य चोर पकडला गेला तो त्यामुळेच. राणीचा धाकटा भाऊ हरवलाय, त्याला काजळ्यांनी खाल्लं असं सगळे धरून चाललेत. आता मला सांगा, एखाद्याची सावली लपवायची असेल तर काय करावं लागेल? दिवा विझवावा लागेल.'

धाकटीने ते दोनदा वाचलं. एक शब्द फाजील नव्हता. आधी निरीक्षण, मग नियम, मग निष्कर्ष, आणि शेवटचा प्रश्न तर असा की अंगावर काटा यावा. फितुरीचं कारण कुणालाही सुचलं असतं. हे कारण दिवेवालीच्या त्या बंद ओठांना, झिजलेल्या गुडघ्यांना, सगळ्याला शोभत होतं. कोण असेल हा माणूस? कुठे बसून एवढं बारीक बघत असेल? चहा निवला तरी तिने कप उचलला नाही.

"काय गं? चेहरा का पडला?" चाळीशीबाईंनी विचारलं.

"काही नाही. छान लिहिलंय."

चेहरा पडण्याचं कारण दुसरंच होतं. दिव्याकडे पडलेली सावली? तिच्या हातून? दुपारभर ती काचा दिव्यासमोर धरून फिरवत राहिली. ओरखडा, बुडबुडा, कडेचा टवका. डोळे सवयीने सगळं टिपत होते. मन त्या जिन्यात अडकलेलं होतं.

घरी आली तर दारातच ताई. केस पिंजारलेले, बोटांना शाई नसतानाही ती पुसत होती. "वाचलंस? अगं, वाचलंस का? राजपुत्र! मी त्याला मारून मोकळी झाले होते आणि या अर्धाकपने त्याला जिवंत करून माझ्या हातात दिला! माझं कॉमिक आणि मलाच सुचू नये?" टेबलावर एका पोराची पंधरा-वीस चित्रं पडली होती. नाक वर, गुडघे खरचटलेले. महिनाभरात ताईचा असा हात चाललेला धाकटीने पाहिला नव्हता.

"ताई, जिन्याची फाइल उघड."

"जेव तरी आधी."

"उघड ना."

फाइल उघडली आणि पाचच मिनिटांत चूक सापडली. ती या दोघींखेरीज कुणाच्या हातून झाली नसती. ताईला सवय होती: चित्र पुरं झालं की ते डावं-उजवं फ्लिप करून बघायचं. आरशात बघितल्यासारखं झालं की वाकडं गेलेलं नाक लगेच नजरेत भरतं. मागच्या आठवड्यात चित्र सरळ करायचं ती विसरली आणि उलटीच फाइल धाकटीला दिली. धाकटीने त्या उलट्या चित्रात अगदी बिनचूक सावली पाडली. आणि नेहमीप्रमाणे सावलीचा लेयर, म्हणजे चित्रावरचा तिचा वेगळा थर, लॉक केला, ताईचा ब्रश चुकून त्यावर फिरू नये म्हणून. नंतर ताईच्या लक्षात आलं, तिने चित्र परत फ्लिप केलं. रेषा फिरल्या, रंग फिरले, दिवा फिरला. लॉक केलेली सावली जागच्या जागी राहिली.

"बुटकी का मग?" ताईने अगदी हळू विचारलं.

"दिवा उंचावर आहे. सावली आखूडच पडणार. ती दिवेवालीचीच आहे, ताई. दुसरं कुणी नाही तिथे."

ताई पोराच्या चित्रांकडे बघत राहिली. मग तिने ती एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या आणि पालथी घातली. "ठीक आहे. मग ढकलते शुक्रवारी. काय करणार?"

"असं कसं? लगेच?"

"पुरावाच खोटा निघाला. तूच म्हणतेस ना, चुकीच्या नोंदीवर निष्कर्ष उभा करायचा नाही म्हणून?"

आई आतून म्हणाली, "तिला सांग, दुसऱ्यांदा माप घे म्हणावं. मेलं एक माप चुकलं म्हणून कुणी कापड टाकून देतं का?"

बोलणं आईचं होतं, पण धाकटीला वाट सापडली. "मला उद्याचा दिवस दे," ती म्हणाली. "ती चौकट मी बाजूला ठेवते. नव्हतीच असं धरते. बाकी सगळं पहिल्या भागापासून बघते. तिच्याशिवाय अर्धाकपचं म्हणणं उभं राहिलं तर राहिलं. नाही राहिलं तर तू ढकल, सावली मी पाडून देते."

बुधवारी तिने रजा टाकली. खिडकीशी बसून, मांडीवर उशी घेऊन, ती पहिल्या भागापासून बघत गेली. वाचणं असं नव्हेच ते, काचा तपासतात तसं: गोष्टीत गुंतायचं नाही, फक्त दिवेवालीवर डोळा ठेवायचा. पहिले कित्येक भाग काही हाती लागेना. उलट तिला ताईचं कौतुकच वाटत राहिलं. कंदिलाची काच पुसताना दिवेवाली आधी तीवर तोंडाची वाफ सोडते, हे तिला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं. स्वतः दिवसातून शंभरदा तेच करत असून! दिवे ती एका पश्चिमेच्या जिन्यावरचेच विझवते, हे तिने टिपलं. आणि चढण्याआधी विझवते, चढून गेल्यावर नाही. काजळ्यांना वाट करून द्यायची तर स्वतः निघून गेल्यावर विझवणं शहाणपणाचं. ही बाई अंधार करते आणि स्वतःच त्यात शिरते. बरं आहे, धाकटी स्वतःशी म्हणाली, पण एवढ्याने भागत नाही.

मग तिला दारं दिसली.

संध्याकाळी ताई समोर बसली, हाताची घडी घालून, निकाल ऐकायला बसावं तशी. आई टेबलाच्या मधोमध टॉवेल घडी करत होती.

"दिवेवाली कुठल्याही दारातून गेली," धाकटी म्हणाली, "की दार लगेच लोटत नाही. आत जाते, दार धरून उभी राहते, मग लोटते. दर वेळी. पहिल्या भागापासून."

"बरं दिसतं म्हणून काढलं असेल."

"बाकी कुणी तसं करत नाही. राणी, किल्लेदार, तो शत्रूचा मुखवटेवाला हेर, सगळ्यांची दारं मी बघितली. सगळे दार आपटून मोकळे."

"अगं, योगायोग असतो एखादा."

"ताई, तू आळशी आहेस."

"हे काय मधेच?"

"ऐक ना. गर्दी काढायची वेळ आली की तू नुसती डोकी काढतेस. घोड्यांचे पाय कायम गवतात. राणीच्या पलंगाचे तीनच खांब आहेत, चौथा तू अजून काढलेला नाहीस. अशी तू, आणि एका रिकाम्या दारावर दर वेळी अख्खी चौकट खर्च करतेस. त्यात काही घडत नाही, कुणी बोलत नाही. का?"

 ताईला खरंच माहीत नव्हतं, हे तिच्या कपाळावर स्पष्ट दिसत होतं.

"त्यात काय एवढं?" आई टॉवेल झटकत म्हणाली. "तू तशीच करायचीस. ही चालायला लागली तेव्हा तुझ्यामागे शेपटासारखी हिंडायची. एकदा दारात हिचं बोट चेमटलं, काय भोकाड पसरलं होतं बाई! तेव्हापासून प्रत्येक दाराशी तू थांबायचीस, ही आत येईपर्यंत दार धरून. अजून करतेस. परवा दुकानात नाही का थांबलीस? मागे चिटपाखरू नव्हतं. मी मनात म्हटलं, ही कुणाची वाट बघतेय?"

 धाकटीला बोट चेमटल्याचं मुळीच आठवत नव्हतं. पण प्रत्येक दार ताईने धरलेलं असतं आणि आपण तिच्या हाताखालून शिरतो, हे तिने इतकं गृहीत धरलं होतं की त्याला कधी कारण असेल असंच वाटलं नव्हतं. तिने ताईकडे बघितलं. ताई लाल झाली होती आणि रागावल्यासारखी टेबलावरचं पेन शोधत होती. पेन तिच्या हातातच होतं.

"म्हणजे मी फितूर म्हणून जिला काढत होते," ताई शेवटी म्हणाली, "ती..."

"ती कुणालातरी आत घेत होती. तू काढलंयस. मी नुसतं बघितलं." मग सवयीप्रमाणे ती पुढे म्हणाली, "एक जागा मात्र बसत नाही. तिने मुखवटेवाल्याला उत्तर दरवाज्याची किल्ली दिली. पोराला लपवणारी बाई शत्रूला किल्ली कशाला देईल?"

ताई खुर्चीत सरळ झाली. पेनाचं टोक चावलं. छताकडे बघितलं. "ती किल्ली पडक्या विहिरीच्या झाकणाची आहे."

"हे आधीपासून ठरलं होतं?"

"आत्ता ठरलं."

"असं चालत नाही, ताई!"

"का? किल्लीवर नाव कोरलंय? त्या किल्लीने दरवाजा उघडल्याची चौकट दाखव मला. तू तपासनीस ना? काढ शोधून."

धाकटीने शोधलं. किल्ली हातातून हातात जाताना दिसत होती, मुखवटेवाला हसत होता, दरवाजा उघडताना कुठेच नव्हता. "चालतं," तिला म्हणावंच लागलं. ताईचं हे तिला कधी जमलं नसतं. ज्या भोकाशी आपण थबकलो, तिथेच या बाईने खिडकी बसवली. आई म्हणाली, "तो मेला मुखवटा लावून हसतोय आणि हातात विहिरीची किल्ली! बरी जिरवलीत."

भांडण झालं ते गुरुवारी, आणि तेही जिन्यातल्या चौकटीवरून. "ती तशीच राहू दे," ताई म्हणाली. "लोकांना आवडलीय. आणि आता तर ती खरीच ठरतेय."

"खरी ठरली तरी चूकच. मी राजपुत्राची सावली काढली नव्हती, आपल्या हातून उलटी पडली. तिथे दुसरा दिवा नाहीच आहे. अर्धाकपने उद्या जिन्याचा नकाशा काढला की धरलंच आपल्याला."

"आणि चूक सांगितली तर सगळे म्हणतील, गेलं, सिद्धान्त खोटा. उद्या वाचायला कोण येईल?"

"जो एवढं बघतो, त्याला आपण फसवायचं?"

 ताईने लॅपटॉप धाकटीकडे सरकवला. "तुझी सावली आहे. तूच लिही."

धाकटीने दुरुस्त चौकट टाकली आणि खाली लिहिलं: 'मागच्या भागात जिन्यातली सावली आमच्या हातून उलट्या बाजूला पडली होती. ती सुधारली आहे. वाचकांनी त्यावरून काही तर्क बांधले असतील, तर क्षमस्व. सावलीवाली.'

शुक्रवारी सकाळी चाळीशीबाई बाकावर बसायच्या आधीच सुरू झाल्या. "बघितलंस? सावली चुकली म्हणे! कोण आहे ही सावलीवाली? अशा बाईला आपल्याकडे पाठवा म्हणावं, काचा तपासायला बसवू, म्हणजे नजर येईल."

"हो ना," धाकटी म्हणाली. कान गरम झाले होते.

"आणि तो अर्धाकप बघ कसा. मला वाटलं, आता तोंड लपवेल."

अर्धाकपने लिहिलं होतं: 'चूक सांगितलीत, बरं वाटलं. पुरावा गेला. पण कारण मला अजून तेच वाटतं, म्हणून पहिल्या भागापासून पुन्हा बघायला घेतलंय. कुणाला दुसरं काही दिसलं असेल तर सांगावं.'

धाकटीचा अंगठा उत्तराच्या जागी गेला. पश्चिमेचा जिना, चढण्याआधी विझवलेले दिवे, एकूण एक दारं: सगळं तिच्याजवळ क्रमवार तयार होतं, आणि ते मांडावं असा माणूस जगात हा एकच. पण मांडता येत नव्हतं. संध्याकाळचा भाग फुटला असता. पुरावा हातात असून गप्प बसण्याची ही तिची पहिलीच वेळ. तिने फोन खिशात टाकला.

"तुला काय वाटतं गं," चाळीशीबाईंनी विचारलं, "ढकलेल का किल्लेदार तिला?"

"मला काय माहीत?" धाकटी म्हणाली. "पण लाजण्यामुळे दिवे विझवत नाही, एवढं नक्की."

घरी ताई शेवटच्या चौकटीवर होती. बुरुजाचा माथा. किल्लेदाराने दिवेवालीला धरलंय आणि तिचं तोंड बघायला दिवा वर उचललाय. तिची नजर त्याच्याकडे नाही, दिव्याकडे आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर भीती उमटलीय, आणि ती दरीची नाही. पायाखालचा दगड ताईने कोरा ठेवला होता.

"दिवा किती उंच?" धाकटीने बसता बसता विचारलं.

"त्याच्या डोक्याच्या वर, हातभर."

"आणि पोरगं?"

ताईने हात टेबलाच्या कडेशी धरला, जरा खाली नेला, अंदाज घेतला. "एवढं. तू होतीस तेवढं."

धाकटीने रेषा टाकल्या: दिव्यापासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून दगडावर. दिवेवालीची सावली सहज पडली. तिच्या शेजारी दुसरी, अर्ध्या उंचीची, जिथे उभं असलेलं कुणीच नव्हतं. सावलीच्या हातापर्यंत येऊन धाकटी थांबली. "हात धरलेला दाखवू?"

"मला काय विचारतेस? तुला काय वाटतं, धरला असेल?"

"धरला असेल," धाकटी म्हणाली, आणि दोन सावल्या बोटांपाशी जोडल्या.

ताई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिचा श्वास मानेला लागत होता. धाकटीने विचारलं, "बंद करणार होतीस ना?"

"आता कसं करू?" ताई म्हणाली. "त्या पोराला बुरुजावरून खाली कोण आणणार?" आणि नवी फाइल उघडून तिने किल्लेदाराच्या चेहऱ्याची पहिली रेष ओढली, त्याला आत्ताच दुसरी सावली दिसली होती, आणि तो काय करेल हे दोघींनाही माहीत नव्हतं.